उत्तर यंत्राचं, परीक्षा आपली



जुन्या काही रेडिओसंचांना स्टेशन लावण्यासाठी दोन बटणं असत. मोठं बटण फिरवून काटा स्टेशनाजवळ न्यायचा आणि मग खरखर जाऊन आवाज स्वच्छ येईपर्यंत लहान बटण अलगद फिरवायचं. या दुसऱ्या बटणाला ‘फाइन ट्यूनिंग’ म्हणत. आज हाच शब्द संगणकाच्या जगात एका निराळ्या कामासाठी वापरला जातो. भाषा शिकून तयार झालेलं एखादं मॉडेल घ्यायचं आणि थोडं आणखी शिकवून ते विशिष्ट कामाला लावायचं, हे ते काम. कोणालाही उतरवून घेता येईल अशा खुल्या भाषा-मॉडेलला संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला कसं शिकवतात, हे आज मी आपल्याला सांगणार आहे.

संगणकाशी ज्याचा रोजचा संबंध नाही, त्याने हे का ऐकावं? विजेचं बिल, बँकेतलं व्याज, रेल्वेचं आरक्षण, मुलांचे प्रवेश, या सगळ्यांमागे कोणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम असतो. आजवर तो माणसं लिहीत आली. आता त्यात यंत्राने लिहिलेल्या ओळी मिसळू लागल्या आहेत. त्या ओळी बरोबर आहेत की नाहीत हे कोण ठरवतं आणि कसं, हा प्रश्न म्हणून आपल्या सगळ्यांचा आहे.

आधी भाषा-मॉडेल म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधणारं ते एक यंत्र आहे. ‘आज सकाळपासून पाऊस’ इतकं ऐकल्यावर आपल्या मनात ‘पडतोय’ हा शब्द आपोआप येतो, तसंच हे. प्रचंड मजकूर वाचताना मॉडेलच्या आतले कोट्यवधी आकडे थोडेथोडे बदलत जातात आणि अंदाज सुधारत जातो. या आकड्यांना पॅरामीटर म्हणतात. मजकुराचे जे लहान तुकडे मॉडेल वाचतं, त्यांना टोकन म्हणतात. कधी तो अख्खा शब्द असतो, कधी शब्दाचा तुकडा. प्रोग्रॅमसुद्धा शेवटी मजकूरच आहे. त्याचे शब्द मोजके असतात आणि व्याकरण कडक असतं. म्हणून पुढचा शब्द ओळखणाऱ्या यंत्राला पुढची ओळही लिहिता येईल, हा विचार पुढे आला.

तो खरा ठरल्याचं लोकांना दिसलं ते २०२१मध्ये. त्या वर्षी ओपनएआय या अमेरिकन संस्थेने ‘कोडेक्स’ नावाचं मॉडेल तयार केलं आणि त्याच्या आधारावर ‘गिटहब कोपायलट’ हे साधन प्रोग्रॅमरांच्या हाती आलं. कोडेक्स किती जाणतं हे मोजण्यासाठी त्याच्या कर्त्यांनी १६४ प्रश्नांची एक परीक्षाही तयार केली. तिचं नाव ‘ह्यूमनइव्हल’. प्रत्येक प्रश्नात एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा आणि तो ठरलेल्या चाचण्यांतून पार पडला तरच गुण मिळायचे. त्यांच्या १,२०० कोटी पॅरामीटरच्या मॉडेलला पहिल्या प्रयत्नात सुमारे २९ टक्के प्रश्न जमले. मात्र हे मॉडेल कंपनीच्या कुलपात होतं. त्याला प्रश्न विचारता येत, पण ते उघडून बदलता येत नसे.

खुल्या मॉडेलची गोष्ट इथून सुरू होते. २०२३च्या जुलैमध्ये मेटा कंपनीने ‘लामा २’ हे मॉडेल प्रसिद्ध केलं. त्याच्या आतले आकडे उतरवून घेता येत होते. लगेच ऑगस्टमध्ये त्याच कंपनीच्या संशोधकांनी त्यापासून ‘कोड लामा’ बनवलं. आज ते जुनं झालं आहे; पण ते कसं घडवलं याचे टप्पे त्यांनी शोधनिबंधात नीट लिहून ठेवले, म्हणून हे काम समजून घ्यायला त्याच्याइतकं सोयीचं उदाहरण क्वचितच मिळेल.

मूळ लामा २ने २ लाख कोटी टोकनांएवढा मजकूर वाचला होता. त्यात कोड होता, पण थोडा. संशोधकांनी त्याला आणखी ५० हजार कोटी टोकन वाचायला दिले. यातला ८५ टक्के मजकूर निव्वळ कोड होता. ८ टक्के मजकूर कोडविषयीचा, म्हणजे प्रश्नोत्तरं आणि चर्चा असा होता. उरलेला ७ टक्के साधा, माणसांच्या भाषेतला होता. प्रोग्रॅम शिकवायचे तर साधी भाषा कशाला? कारण मॉडेल विसरतं. एकच विषय घोटून घेतला की आधीचं पुसट होत जातं. नवा राग शिकतानाही गवई रोज आधीच्या रागांचा रियाज चुकवत नाही, तसाच हा ७ टक्क्यांचा रियाज. शिवाय प्रोग्रॅम लिहायचा तर आधी माणसाचं म्हणणं समजायला हवं आणि ते साध्या भाषेतच असतं. यानंतर एका शाखेला आणखी १० हजार कोटी टोकन दिले, त्यात मुख्यतः पायथॉन या लोकप्रिय प्रोग्रॅमिंग भाषेचा कोड होता.

आता निकाल पाहा. लामा २च्या ३,४०० कोटी पॅरामीटरच्या मॉडेलला १६४पैकी ३७ प्रश्न सुटत होते. कोडच्या वाचनानंतर ते ८० सोडवू लागलं आणि पायथॉनच्या जादा शिकवणीनंतर ८८. याहून बोलका आकडा वेगळाच आहे. लामा २चं सर्वांत मोठं, ७,००० कोटी पॅरामीटरचं मॉडेल ५० प्रश्न सोडवत होतं. त्याच्या एक दशांश आकाराचं, पण पायथॉन शिकलेलं लहान मॉडेल ६३ प्रश्न सोडवून पुढे गेलं. मोठ्या यंत्राला नेमकं शिकलेलं लहान यंत्र मागे टाकू शकतं, हा यातला धडा. ज्यांच्याकडे पैसा आणि वीज मर्यादित आहे, त्यांच्यासाठी तो मोलाचा आहे.

इथपर्यंत मॉडेलला कोड लिहिता येतो, पण सांगितलेलं ऐकता येतंच असं नाही. ‘ही यादी वयानुसार लावून दे’ असं म्हटलं तर ते यादी लावण्याऐवजी आणखी चार सूचना लिहून मोकळं होईल, कारण त्याला फक्त पुढचा मजकूर लिहायचा असतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात त्याला ‘सूचना आणि तिचं उत्तर’ अशा जोड्या दाखवतात. काटेकोर अर्थाने फाइन ट्यूनिंग म्हणतात ते हेच. अशा जोड्या माणसांकडून लिहून घ्यायच्या तर खर्च फार. संशोधकांनी काढलेली युक्ती ऐकण्यासारखी आहे.

त्यांनी मोठ्या लामा २ला नोकरीच्या मुलाखतीत विचारतात तसे ६२ हजार प्रश्न तयार करायला सांगितलं. त्यातले तंतोतंत सारखे वगळल्यावर सुमारे ५२ हजार उरले. मग कोड लामाच्या सर्वांत लहान मॉडेलकडून प्रत्येक प्रश्नासाठी आधी चाचण्या लिहून घेतल्या आणि नंतर दहा वेगवेगळी उत्तरं. ही उत्तरं त्या चाचण्यांवर चालवून पाहिली. जे उत्तर पहिल्यांदा पार पडलं ते ठेवलं. एकही पार पडलं नाही तर प्रश्नच सोडून दिला. शेवटी हाती उरले सुमारे १४ हजार संच. ५२ हजारांतले १४ हजार! बाकीचं सगळं पाखडताना उडालेलं फोलपट. इतर काही साहित्याबरोबर हे संच वापरून सूचना ऐकणारं मॉडेल तयार झालं.

हे कोडच्या बाबतीत शक्य होतं, हे लक्षात घ्यायला हवं. यंत्राने लिहिलेली कविता चांगली की वाईट, यावर दोन रसिकांचं एकमत होणार नाही. प्रोग्रॅम मात्र चालवून पाहता येतो. पाच आणि सात यांची बेरीज बारा आली की आली, नाही तर नाही. गणिताच्या पुस्तकामागे उत्तरं छापलेली असतात म्हणून मूल एकट्यानेही सराव करू शकतं. तशीच सोय इथे यंत्राला मिळाली. कोड लिहिण्यात यंत्रांनी इतकी झपाट्याने प्रगती केली, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

एक उलटा निकालही सांगायला हवा. सूचना पाळणं आणि सुरक्षित वागणं शिकवल्यावर ३,४०० कोटी पॅरामीटरच्या मॉडेलचे गुण ८०वरून ६८वर आले. म्हणजे शिकवणी दर वेळी गुण वाढवतेच असं नाही. एक वळण लावलं की दुसरीकडे थोडं सुटतं. काय हवं आणि त्यासाठी काय सोडायचं, हे शिकवणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चाचणीत पास झालेला प्रोग्रॅम बरोबर असतो का? एक साधं उदाहरण घ्या. दिलेलं वर्ष लीप वर्ष आहे का, हे सांगणारा प्रोग्रॅम हवा आहे. यंत्राने लिहिलं, चारने भाग गेला की लीप वर्ष. आपण २०२०, २०२३ आणि २०२४ ही वर्षं घालून पाहिली. तिन्ही उत्तरं बरोबर. अगदी २००० घातलं तरी बरोबर. प्रोग्रॅम पास! पण त्याला २१०० साल विचारा. तो लीप म्हणेल आणि ते चूक आहे. कारण शंभराने भाग जाणारं वर्ष लीप व्हायला त्याला चारशेनेही भाग जावा लागतो. चूक प्रोग्रॅममध्ये होतीच, आपल्या चाचण्यांनी ती विचारली नाही, एवढंच.

हे नुसतं कल्पनेतलं उदाहरण नाही. २०२३मध्ये अमेरिका आणि चीनमधल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ह्यूमनइव्हलचे तेच १६४ प्रश्न घेतले आणि चाचण्यांची संख्या ८० पट वाढवली. नामांकित मॉडेलांचे गुण घसरले. ज्या उत्तरांना आधी पूर्ण गुण मिळाले होते, त्यातली कितीतरी नापास झाली. मूळ परीक्षेतल्या काही नमुना उत्तरांतही चुका निघाल्या. त्याआधी २०२१मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी कोपायलटला सुरक्षिततेच्या दृष्टीने नाजूक असे ८९ प्रसंग दिले आणि त्याच्याकडून १,६८९ प्रोग्रॅम लिहून घेतले. त्यातल्या सुमारे ४० टक्के प्रोग्रॅमांत चोराला वाट मिळेल अशी भोकं होती. यात यंत्राचा काही दुष्ट हेतू नव्हता. माणसांनी लिहिलेल्या ज्या कोडवर ते शिकलं, त्यातही तीच भोकं होती. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं.

आडाचा विषय निघालाच आहे तर त्याचा मालक कोण, हेही विचारायला हवं. हा सगळा कोड माणसांनी लिहिलेला आहे. कोणी रात्री जागून हौसेने लिहिला आणि इतरांना वापरता यावा म्हणून इंटरनेटवर ठेवला. त्यावर यंत्रं शिकवताना त्याला विचारलं होतं का? याच मुद्द्यावर २०२२च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत काही प्रोग्रॅमरांनी दावा दाखल केला. त्याच वर्षी ‘बिगकोड’ नावाचा एक प्रकल्प निराळ्या वाटेने निघाला. हगिंग फेस आणि सर्व्हिसनाऊ या दोन कंपन्यांनी तो सुरू केला. ज्यांच्या परवान्यात मोकळ्या वापराला मुभा आहे, असाच कोड त्यांनी गोळा केला. या संग्रहात आपलं लिखाण आहे का हे कोणालाही पाहता येईल आणि नको असेल तर काढून घ्यायला सांगता येईल, अशी सोय ठेवली. कोडमध्ये लोकांची नावं, ईमेल पत्ते, पासवर्डसुद्धा राहून गेलेले असतात. ते ओळखणारं साधन घडवण्यासाठी ३५ देशांतल्या १,३९९ लोकांना मोबदला देऊन १२ हजार फाइलींवर खुणा करून घेतल्या. या संग्रहावर शिकलेलं ‘स्टारकोडर’ हे मॉडेल २०२३च्या मे महिन्यात खुलं झालं.

‘खुलं’ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. लामाचे आकडे मिळतात, पण ते कोणत्या मजकुरावर शिकलं तो संग्रह मिळत नाही. लामा २च्या परवान्यात एक अटही होती, महिन्याला ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपनीला वेगळी परवानगी घ्यावी लागे. स्टारकोडरने आकड्यांबरोबर संग्रहही दाखवला. एकाने तयार लाडू दिला, दुसऱ्याने लाडवाबरोबर कृतीही दिली. दोन्हींना खुलंच म्हणतात, पण फरक मोठा आहे. कृती हाती असेल तरच आत काय घातलंय ते तपासता येतं.

श्रोतेहो, हे सगळं दूरच्या मोठ्या कंपन्यांपुरतंच आहे असं मात्र नाही. २०२१मध्ये ‘लोरा’ नावाची एक पद्धत पुढे आली. मॉडेलचे सगळे आकडे बदलण्याऐवजी ते जसेच्या तसे ठेवायचे आणि शेजारी थोडे नवे आकडे जोडून फक्त तेवढेच शिकवायचे. छापील पोथीला हात न लावता समासात टिपा लिहाव्यात, तसं. २०२३मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, तिचं नाव ‘क्यूलोरा’. यात पोथीची अक्षरंही बारीक करून कमी जागेत बसवतात. त्यामुळे ६,५०० कोटी पॅरामीटरचं मॉडेल ४८ जीबी स्मृतीच्या एकाच ग्राफिक्स कार्डावर शिकवता येतं, हे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. ७०० कोटी पॅरामीटरचं मॉडेल अशा रीतीने साडेतीन जीबीच्या आसपास मावतं. म्हणजे एखादं अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा चार-पाच जणांची लहान कंपनीसुद्धा हे काम करू शकते.

समजा, एखाद्या सहकारी बँकेकडे पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आहे. तो लिहिणारे निवृत्त झाले, नवीन मुलांना ती जुनी भाषा येत नाही. खातेदारांची माहिती बाहेर पाठवता येत नाही, तेव्हा बाहेरच्या यंत्राला विचारायची सोय नाही. अशा ठिकाणी खुलं मॉडेल आपल्याच इमारतीतल्या संगणकावर बसवून, आपल्याच जुन्या कोडवर शिकवता येईल. पण त्यासाठी काय लागेल? निवडून, तपासून घेतलेली काही हजार चांगली उदाहरणं. त्यातला एक भाग बाजूला ठेवलेला, मॉडेलला कधीही न दाखवलेला, कारण प्रश्नपत्रिका आधीच फुटली तर निकालाला अर्थ राहत नाही. आणि व्याजाचा हिशेब कुठे कसा चुकू शकतो हे जाणणारा जुना माणूस, चाचण्या लिहिण्यासाठी. संगणक भाड्याने मिळतो. हा माणूस मिळणं अवघड आहे.

भाषेचाही एक मुद्दा आहे. लामा २च्या शिकवणीच्या मजकुरात जवळजवळ ९० टक्के इंग्रजी होतं. ज्या भाषांचा वाटा ०.००५ टक्का किंवा त्याहून अधिक, अशांची यादी त्याच्या शोधनिबंधात आहे. तिच्यात मराठी नाही, हिंदीही नाही. तेव्हा आपल्या कारकुनाने मराठीत सांगावं आणि यंत्राने बरोबर प्रोग्रॅम लिहावा, असं हवं असेल, तर मराठी सूचना आणि त्यांची तपासलेली उत्तरं अशा जोड्या कोणीतरी बसून तयार करायला हव्यात. हे काम आपल्यासाठी दुसरं कोणी करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

कोड लामानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलं. चीनच्या अलीबाबा कंपनीचं ‘क्वेन २.५ कोडर’ हे खुलं मॉडेल २०२४मध्ये आलं, त्याने ह्यूमनइव्हलचे १६४पैकी १५२ प्रश्न सोडवले. पूर्वी अवघड वाटलेली परीक्षा आता सोपी झाली, म्हणून नव्या परीक्षा घडवाव्या लागल्या. हे असंच चालणार. हिंजवडीत नोकरी शोधणारी मुलं विचारतात, मग आम्ही कोड लिहायला शिकावं की नाही? शिकावंच. ज्याला स्वतः दोन ओळी लिहिता येत नाहीत, त्याला दुसऱ्याच्या दोनशे ओळींतली चूक दिसणार नाही. फक्त शिकण्याचा भर बदलावा लागेल. प्रोग्रॅम चालला की हुश्श करण्याची सवय सोडून, तो कुठे अडेल याचा शोध घेण्याची सवय लावावी लागेल. हे २१०० सालचं कुतूहल शिक्षकांनी वर्गात मुद्दाम जोपासायला हवं.

आणि जी कार्यालयं यंत्राने लिहिलेले प्रोग्रॅम वापरतील, त्यांना नागरिक म्हणून आपण तीन प्रश्न विचारू शकतो. हे कशावर शिकलं? याची तपासणी कोणत्या चाचण्यांनी केली? आणि चुकलं तर जबाबदारी कोणाची? व्याज चुकलं, नाव यादीतून गळलं, तर ‘संगणकाने केलं’ हे उत्तर आपण आजवर पुष्कळ ऐकलं. यापुढे ‘मॉडेलने केलं’ असं ऐकायला मिळेल. मॉडेलला उदाहरणं निवडून देणारा माणूस असतो, चाचण्या लिहिणारा माणूस असतो आणि उत्तर पास झालं असं म्हणून सही करणाराही माणूसच असतो. त्या सहीखालचं नाव विचारण्याचा हक्क आपण सोडू नये.